साखर, साय आणि आंबट देठ : ‘रुबार्ब फूल’ या घरगुती पदार्थाचा इतिहास

आज आपण एका इंग्रजी गोड पदार्थाबद्दल बोलणार आहोत. त्याचं नाव ‘रुबार्ब फूल’. कृती सांगायची तर तीन वाक्यांत संपते. रुबार्बचे आंबट देठ साखरेत शिजवायचे, पूर्ण गार करायचे, आणि फेटलेल्या घट्ट सायीत हलक्या हाताने मिसळायचे. झालं! ना ओव्हनची गरज, ना पाक जमण्याची चिंता.

मग एवढ्याशा पदार्थावर इतिहासाचं व्याख्यान कशाला, असं कुणी विचारील. तर इंग्लंडमध्ये हा ‘आजीच्या हातचा’ पदार्थ मानतात. मागच्या परसातले देठ, घरची साय, साधासुधा घरगुती प्रकार. पण ‘घरगुती’ म्हटलं की आपण पुढे काही विचारत नाही. आज आपण ते विचारू. ते देठ त्या परसात आले कुठून? ते खायचे असतात हे कळलं कधी? आणि मुख्य म्हणजे, एवढा आंबट देठ गोड करायला लागणारी साखर सामान्य माणसाच्या घरी पोचली कशी? आमचं म्हणणं असं आहे की या वाडग्याचा खरा इतिहास साखरेच्या मापात आहे. ते माप शोधत गेलो की आपण चीनमधून, रशियातून, यॉर्कशायरमधून जातो, आणि वाटेत आपलीच मराठी माणसंही भेटतात.

आधी नावाचा घोळ मिटवू. या ‘फूल’चा आपल्या फुलाशी काही संबंध नाही. इंग्रजीत त्या शब्दाचा सरळ अर्थ मूर्ख, वेडा. गोड पदार्थाला असं नाव का, यावर बरीच चर्चा झाली आहे. काही जण ते फ्रेंचमधल्या ‘चिरडणे’ अशा अर्थाच्या क्रियापदाशी जोडतात, कारण यात फळ चिरडून घालतात. पण शब्दकोशकारांना ते पटलेलं नाही. जॉन फ्लोरिओ यांच्या १५९८ च्या इटालियन-इंग्रजी शब्दकोशात ‘फूल’ आणि ‘ट्रायफल’ ही दोन नावं शेजारीशेजारी येतात. ट्रायफल म्हणजे क्षुल्लक गोष्ट. तेव्हा हलक्याफुलक्या, गंमत म्हणून खायच्या पदार्थांना अशी थट्टेची नावं पडली असावीत. महत्त्वाचं एवढंच की पदार्थ ४०० वर्षांहून जुना आहे. मात्र त्यात रुबार्ब नव्हता! सतराव्या शतकात ‘फूल’ करत ते मुख्यतः गूजबेरीचं. ही आपल्या आवळ्यासारखी दिसणारी, आंबट, हिरवी बेरी. रुबार्ब त्या जागी यायला पुढची दीडशे-दोनशे वर्षं जावी लागली.

मग तोवर रुबार्ब कुठे होता? तर औषधाच्या दुकानात. आणि इथे आपली त्याच्याशी जुनी ओळख निघते. काष्ठौषधींच्या दुकानात ‘रेवाचिनी’ किंवा ‘रेवंदचिनी’ नावाची पिवळसर मुळी मिळते, ती रुबार्बच्याच कुळातली. नावातलं ‘चिनी’ बघा, माल कुठून यायचा ते नावातच सांगितलं आहे. पोट साफ करायला वैद्य आणि हकीम दोघेही ती देत आले. आणखी एक नातं सांगतो. आपल्या भाजीबाजारातला आंबट चुका आणि रुबार्ब हे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच कुटुंबातले. चुक्याचा आंबटपणा आणि रुबार्बचा आंबटपणा यांत ऑक्झॅलिक आम्लाचा हात आहे. त्यामुळे रुबार्ब कधीच न चाखलेल्या माणसाला त्याची चव सांगायची असेल तर ‘चुक्याचा जाडजूड, लालसर देठ’ असं म्हटलं तरी चालेल.

युरोपला ही मुळी ग्रीक-रोमन काळापासून माहीत होती. व्होल्गा नदीचं जुनं नाव ‘ऱ्हा’. त्या वाटेने, परक्या रानटी मुलखातून येणारी मुळी म्हणून ‘ऱ्हा बार्बारम’, आणि त्यावरून रुबार्ब, अशी या नावाची हकीकत सांगतात. तेराव्या शतकात मार्को पोलोने तांगुत प्रदेशातल्या, म्हणजे आजच्या वायव्य चीनमधल्या डोंगरांत ही मुळी मुबलक होते आणि व्यापारी ती जगभर नेतात, असं नोंदवलं. १४०४ साली तैमूरच्या दरबारात गेलेला स्पॅनिश वकील क्लाविहो समरकंदच्या बाजारात चीनहून आलेला माल बघतो, त्यात रेशीम, कस्तुरी, माणकं, मोती यांच्या पंगतीत रुबार्ब आहे. सतराव्या शतकाच्या मध्याला इंग्लंडमध्ये रुबार्बची मुळी अफूच्या दुपटीहून महाग होती.

लक्षात घ्या, हे सगळं मुळीबद्दल चाललंय. देठाकडे युरोपमध्ये कुणी बघतही नव्हतं. इराण-अफगाणिस्तानकडे मात्र लोक देठ खात होते. बाबराने आपल्या आत्मचरित्रात काबूलच्या रुबार्बची तारीफ केली आहे, आणि इराणमध्ये आजही मांसाच्या कालवणात हे देठ घालतात. म्हणजे ‘देठ खाता येतो’ हा शोध इंग्लंडचा नव्हे. इंग्लंडने त्यात घातली ती साखर.

अठराव्या शतकात रशियाने या व्यापाराची नाडी धरली. चीन आणि रशिया यांच्यात १७२७ साली क्याख्ताचा तह झाला, आणि सैबेरियाच्या सरहद्दीवरचं क्याख्ता हे गाव रुबार्बचं नाकं बनलं. व्यापार सरकारी मक्तेदारीत. मुळ्या बारकाईने तपासल्या जायच्या, आतून किडलेला माल बाजूला काढून जाळून टाकायचे. त्यामुळे ‘रशियन रुबार्ब’ म्हणजे अस्सल, अशी ख्याती झाली. खरं तर तो रशियात पिकत नव्हताच! तिकडे कँटन बंदरातून समुद्रमार्गेही मुळी निघायची. १८३९ साली अफूच्या व्यापारावरून वाद पेटला तेव्हा चिनी अधिकारी लिन झेशू यांनी व्हिक्टोरिया राणीला उद्देशून पत्र लिहिलं. त्यात, आमच्या चहा आणि रुबार्बवाचून तुमचे लोक एक दिवस जगू शकणार नाहीत, अशा आशयाचं बजावणं होतं. ही अफू म्हणजे बंगालची, आणि मुंबई बंदरातून जाणारी माळव्याची. म्हणजे या देवघेवीत मुंबईचं नाव असं आधीच येऊन गेलं.

पण लिनसाहेबांची माहिती थोडी जुनी झाली होती. कारण एव्हाना इंग्लंडच्या परसात रुबार्ब वाढू लागला होता. आता गंमत अशी की तो तिथे लावला होता औषधासाठी. महागडी मुळी परदेशातून आणण्यापेक्षा घरीच पिकवावी, हा साधा हिशेब. रशियन दरबारात वैद्य असलेले स्कॉटिश डॉक्टर जेम्स माउन्सी १७६२ च्या सुमारास परतताना बी घेऊन आले. एडिंबराच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख जॉन होप यांनी ते लावलं. लंडनच्या ‘सोसायटी ऑफ आर्ट्स’ने रुबार्बची लागवड करणाऱ्यांना पदकं दिली. झाडं जोमाने वाढली. पण मुळी? मुळी चीनच्या मालाच्या तोडीची काही निघेना. त्याचं एक कारण असं की रुबार्बच्या जाती एकमेकींत फार सहज मिसळतात. बियांपासून आलेलं रोप आईसारखं निघेलच याची खात्री नसते. औषध म्हणून हा प्रयोग रडतखडत चालला.

मग बागेत उरलं काय? भलीमोठी पानं आणि जाडजूड देठ. दर वसंतात जमिनीतून उसळून येणारे. काही चौकस लोकांनी ते आधीच चाखून पाहिले होते. लंडनचे कापडव्यापारी आणि हौशी बागकार पीटर कॉलिन्सन यांनी १७३९ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाजवळ राहणाऱ्या जॉन बार्ट्रम यांना पत्रातून हे देठ सोलून, साखर घालून टार्टमध्ये कसे वापरायचे ते कळवलं होतं. हॅना ग्लास यांच्या १७६० च्या आसपासच्या मिठाईच्या पुस्तकात रुबार्बच्या टार्टची कृती येते, आणि १८०६ मध्ये आलेल्या मारिया रंडेल यांच्या घरगुती पाककृतींच्या गाजलेल्या पुस्तकातही रुबार्ब आहे. ही पुस्तकं बायकांनी बायकांसाठी लिहिलेली. डॉक्टर मंडळी मुळीच्या मागे होती, तेव्हा स्वयंपाकघरात देठाचा निकाल लागत होता.

त्या काळच्या घराचं चित्र डोळ्यांसमोर आणा. औषधाच्या फडताळात एडिंबराचे डॉक्टर जेम्स ग्रेगरी यांच्या नावाची ‘ग्रेगरीची पूड’. तिच्यात रुबार्बची मुळी, सुंठ आणि मॅग्नेशिया. मुलांचं पोट बिघडलं की हीच पूड, आणि पोरं तिच्या नावाने पळायची. त्याच घरात मार्च-एप्रिलमध्ये ताटात त्याच नावाच्या झाडाचा गोड पदार्थ! एकाच झाडाची एक बाजू शिक्षा, दुसरी बक्षीस. आणि दोहोंतला फरक करणारी वस्तू कोणती? साखर.

आता साखरेकडे येऊ. रुबार्बच्या देठात स्वतःची गोडी जवळजवळ नसते. अर्धा किलो देठांना शंभर-सव्वाशे ग्रॅम साखर लागते, तेव्हा कुठे तो माणसाच्या तोंडी लागतो. म्हणजे हे असं ‘फळ’ आहे की साखर परवडल्याशिवाय ते खाताच येत नाही. सफरचंदाचं तसं नाही, पेअरचं तसं नाही. त्यामुळे रुबार्ब गरिबांच्या घरी कधी शिरला, या प्रश्नाचं उत्तर साखर स्वस्त कधी झाली, यात आहे.

मानववंशशास्त्रज्ञ सिडनी मिंट्झ यांनी साखरेच्या इतिहासावर १९८५ मध्ये एक मोठं पुस्तक लिहिलं. त्यांनी दिलेले आकडे ढोबळमानाने असे : इंग्लंडमध्ये १७०० च्या सुमारास माणशी वर्षाला चार पौंड साखर, म्हणजे दोन किलोही नाही. १८०० ला अठरा पौंड, साधारण आठ किलो. आणि एकोणिसावं शतक संपताना नव्वद पौंडांच्या आसपास, म्हणजे चाळीस किलो! शंभर वर्षांत पाचपट.

अठराव्या शतकातली ही साखर कॅरिबियन बेटांवरच्या मळ्यांतून येत होती, आणि ती पिकवत होते आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम. इंग्लंडच्या लोकांना हे ठाऊक नव्हतं असं समजू नका. १७९१ मध्ये विल्यम फॉक्स यांनी एक पत्रक काढून गुलामांच्या श्रमाची साखर खाऊ नका असं आवाहन केलं. ते पत्रक प्रचंड खपलं आणि लाखो माणसांनी साखर सोडली. यात पुढाकार कुणाचा? घरात साखर कोण आणतं, कोण वापरतं, त्यांचा. ज्या बायकांना मतदानाचा हक्क नव्हता, त्यांच्या हातात साखरेचा डबा होता, आणि त्यांनी तो राजकारणासाठी वापरला. आपल्याकडे १९०५ नंतरच्या स्वदेशी चळवळीत परदेशी साखरेवर बहिष्कार पडला, तेव्हा स्वयंपाकघर असंच चळवळीत ओढलं गेलं होतं.

१८३३ मध्ये ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी रद्द करणारा कायदा झाला. पण साखरेची मागणी तर वाढतच होती. मळेवाल्यांना माणसं हवी होती. मग काय केलं? करार करून भारतातून मजूर न्यायला सुरुवात केली. त्यांना आपण गिरमिटिये म्हणतो. १८३४ साली ‘ॲटलास’ नावाचं जहाज छत्तीस मजूर घेऊन मॉरिशसला लागलं. पुढे शतक सरेपर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसं तिथे गेली. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई, तिन्ही बंदरांतून गेली. मुंबईहून गेलेल्यांत कोकणातली आणि देशावरची मराठी माणसं होती. मॉरिशसमध्ये आजही मराठी समाज आहे, तिथे गणपती बसतात, मराठी शिकवली जाते. पोर्ट लुईमधल्या ज्या ‘आप्रवासी घाटा’वर ही माणसं उतरली, तो २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे.

मॉरिशसच्या साखरेवरचं ब्रिटिश आयात शुल्क १८२५ मध्ये वेस्ट इंडीजच्या साखरेइतकं कमी केलं होतं, त्यामुळे ही साखर इंग्लंडच्या बाजारात भरपूर जाऊ लागली. पुढे ती मुंबईतही यायला लागली. जुन्या मराठीत आणि गुजरातीत ‘मोरस साखर’ हा शब्द आहे ना, तो मॉरिशसवरूनच. आपण तो शब्द वापरून वापरून गुळगुळीत केला, आणि त्यामागचं बेट विसरलो. तेव्हा १८४०-५० च्या लंडनमध्ये कुणी रुबार्ब शिजवत असेल, तर त्या पातेल्यातल्या साखरेत कोकणातल्या एखाद्या माणसाचा घाम असण्याची शक्यता खरीच आहे. ती साखर नेमकी कुठल्या मळ्यातली हे पातेल्यावर लिहिलेलं नसतं, म्हणून तर ती ‘घरगुती’ वाटते.

१८४६ पासून ब्रिटनने वसाहतींची आणि बाहेरची साखर एकाच शुल्काला आणायला सुरुवात केली, आणि १८७४ मध्ये साखरेवरचं शुल्क पूर्ण काढून टाकलं. वर युरोपातली बीटाची साखर आली. भाव कोसळले. कामगाराच्या घरातही चहात साखर, पावावर जाम, आणि रविवारी रुबार्ब, असा काळ सुरू झाला.

तोवर बागवाल्यांनीही आपलं काम केलं होतं. लंडनजवळच्या डेप्टफर्डचे जोसेफ मायट यांनी विक्रीसाठी रुबार्ब लावला. असं सांगतात की त्यांची मुलं पहिल्यांदा पाच जुड्या घेऊन बरो मार्केटात गेली तेव्हा तीनच खपल्या. लोकांना वाटलं, हे औषध आहे, रेचक आहे! पण मायट हटले नाहीत. ‘व्हिक्टोरिया’ नावाची त्यांची जात राणी गादीवर आली त्या १८३७ च्या सुमारास बाजारात आली आणि घरोघर पसरली. दुसरा शोध योगायोगाने लागला. १८१५ च्या सुमारास चेल्सीच्या औषधी बागेत चर खणताना काही गड्ड्यांवर माती पडली. काही आठवड्यांनी माती बाजूला केली तर आत कोवळे, गुलाबी, नाजूक देठ. अंधारात वाढल्यामुळे पानांत हिरवा रंग नाही, देठात दोर नाहीत. यालाच पुढे ‘फोर्सिंग’ म्हणू लागले, म्हणजे रुबार्बला अंधारात, उबेत ठेवून वेळेआधी वाढायला लावणं.

हे तंत्र मोठ्या प्रमाणावर केलं ते यॉर्कशायरने. १८७७ साली लीड्सजवळ व्हिटवेल कुटुंबाने यासाठी खास शेड बांधल्या. वेकफिल्ड, मोर्ली आणि रॉथवेल यांच्यामधल्या पट्ट्याला आजही ‘रुबार्ब त्रिकोण’ म्हणतात. तिथेच का? एक म्हणजे गारठा, कारण गड्ड्याला आधी थंडी लागावी लागते, त्याशिवाय तो जागा होत नाही. दुसरं, शेड तापवायला जवळच्या खाणीतला स्वस्त कोळसा. तिसरं, लोकरीच्या गिरण्यांतला टाकाऊ कचरा. लोकरीत नायट्रोजन भरपूर, तो हळूहळू मुरतो, म्हणजे फुकटात उत्तम खत. आणि चौथं, रेल्वे. हंगामात रात्री रुबार्बच्या खास गाड्या लंडनकडे सुटायच्या आणि पहाटे माल बाजारात. गड्डे दोन वर्षं शेतात वाढवायचे, त्या काळात एक देठ काढायचा नाही, मग हिवाळ्यात उचलून अंधाऱ्या शेडमध्ये मांडायचे. साठवलेल्या बळावर ते देठ बाहेर टाकतात. काढणी मेणबत्तीच्या उजेडात, कारण उजेड जास्त झाला की वाढ बिघडते. एकदा देठ घेतले की गड्डा संपला. म्हणजे ‘निसर्गाची वसंतातली भेट’ म्हणून जो गुलाबी देठ विकला जायचा, तो कोळसा, लोकर आणि रेल्वे यांचं अपत्य होता.

सायीचं काय? चांगली घट्ट साय हीसुद्धा सर्वांना परवडणारी वस्तू नव्हती. म्हणून साध्या घरांत सायीऐवजी कस्टर्ड आलं. आणि इथे अजून एक ओळखीचा डबा. बर्मिंगहॅमचे आल्फ्रेड बर्ड यांनी १८३७ मध्ये अंड्याशिवाय, मक्याच्या पिठावर होणारी कस्टर्ड पावडर काढली, कारण त्यांच्या पत्नीला अंडी सोसत नव्हती. आपल्याकडे फ्रूट सॅलडसाठी जी पिवळी पावडर दुधात कालवतो, तिचा हा उगम. सायीचं ‘फूल’ आणि कस्टर्डचं ‘फूल’ यांत त्या घराची ऐपत दिसायची.

मग विसाव्या शतकात ही घडी विस्कटली. पहिल्या महायुद्धात अन्नटंचाई असताना ब्रिटनमध्ये रुबार्बची पानं भाजी म्हणून खायचा सल्ला दिला गेला. पानांत ऑक्झॅलिक आम्ल आणि तत्सम विषारी घटक फार, त्यातून विषबाधा झाल्या, मृत्यूही ओढवले. अळू चिंच घालून शिजवणाऱ्या आपल्या लोकांना हे लगेच समजेल की पान दिसतंय म्हणून खायचं नसतं. तेव्हा हे पक्कं ध्यानात ठेवा : देठ खायचा, पान टाकायचं. दुसऱ्या महायुद्धात जानेवारी १९४० पासून साखर रेशनवर गेली ती १९५३ पर्यंत. साय विकायलाही मनाई होती. रुबार्ब मात्र परसात उगवतच होता. परिणाम? एका आख्ख्या पिढीने शाळेच्या खाण्यात तो कमी साखरेचा, दोरेदार, पाणचट खाल्ला, आणि मोठेपणी त्याचं तोंड बघितलं नाही. युद्धानंतर परदेशी फळं स्वस्तात आली, आणि त्रिकोणातल्या शेकडो उत्पादकांचे मोजके उरले. साखर काढून घेतली की हा पदार्थ उभा राहत नाही, हे इतिहासाने असं उलट बाजूनेही सिद्ध केलं. अलीकडे त्याला पुन्हा बरे दिवस आलेत. २०१० मध्ये यॉर्कशायरच्या या रुबार्बला युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्या हापूससारखंच.

आता एवढं ऐकल्यावर करून बघायचं तर कसं, ते सांगायलाच हवं. परदेशात राहणाऱ्या मंडळींना वसंतात रुबार्ब सहज मिळेल. अर्धा किलो देठ धुऊन, दोन-अडीच सेंटिमीटरचे तुकडे करा. पातेलं स्टीलचं घ्या. ॲल्युमिनियम नको, आंबट पदार्थाने ते खराब होतं. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात आपण आमटी ठेवत नाही, तेच कारण. त्यात १०० ते १२५ ग्रॅम साखर आणि थोडं आलं किंवा संत्र्याची किसलेली साल घाला. पाणी घालू नका, देठांना स्वतःचंच पुष्कळ सुटतं. झाकण ठेवून मंद आचेवर दहा-बारा मिनिटं. तुकडा चमच्याने दबला की उतरवा. चाळणीवर निथळून रस वेगळा करा, आणि गर पूर्ण गार होऊ द्या. मग ३०० मिलीलिटर डबल क्रीम फेटा, पण जेमतेम आकार धरेल इतपतच. जास्त फेटलं की लोणी निघायला लागतं. गर त्यात दोन-तीन वळशांत मिसळा. एकजीव करू नका, गुलाबी-पांढऱ्या रेघा दिसायला हव्यात. वरून राखून ठेवलेला रस.

यात दोन गोष्टींमागचं कारण सांगतो. गर गार का? कारण गरम साय फेटलेली राहत नाही, वितळून जाते. आणि दूध न घेता घट्ट साय का? कारण इतक्या आंबटपणात दूध फाटतं. सायीत स्निग्धांश जास्त आणि फाटणारी प्रथिनं कमी, म्हणून ती टिकते. शिवाय रुबार्ब नुसता खाल्ला की दात खरखरीत, कोरडे लागतात. तो ऑक्झॅलिक आम्लाचा परिणाम. दूधदुभत्यातलं कॅल्शियम त्या आम्लाला बांधून ठेवतं. रसायनशास्त्र ठाऊक नसताना गृहिणींनी ही जोडी जुळवली, हे मान्य करायला हवं. मात्र ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी जपून.

भारतात जे पाकिटातलं साधं क्रीम मिळतं, त्यात स्निग्धांश २५ टक्क्यांच्या आसपास असतो, ते नीट फेटलं जात नाही. त्यापेक्षा चक्का घ्या. तो आधीच आंबट असल्याने फाटायचा प्रश्न नाही. पदार्थ श्रीखंडाच्या गावाला जाईल, पण वाईट लागणार नाही.

शेवटी एकच सांगून थांबतो. साखर मोजताना त्या शंभर ग्रॅमकडे क्षणभर नीट बघा. १७०० साली सामान्य इंग्रज माणसाच्या वाट्याला वर्षाला दोन किलोही साखर नव्हती, तिथे आपण एका संध्याकाळी, चार जणांसाठी, एवढी घालतो आहोत. ती इतकी क्षुल्लक वाटावी यासाठी माणसं समुद्रापार नेली गेली, आणि त्यातली काही आपली भाषा बोलत होती. इतिहासकाराचं काम पदार्थाची चव बिघडवणं नाही. पण ‘आजीच्या हातचं’ असं म्हणताना, त्या हाताच्या मागे आणखी किती हात होते, हे आपल्याला माहीत असलं पाहिजे. तुम्हीही आपल्या घरातला एखादा पदार्थ घ्या, साबुदाण्याची खिचडी घ्या, बटाट्याची भाजी घ्या, आणि त्यातला प्रत्येक जिन्नस आपल्या घरी कधी आला, कुणी आणला, हे विचारून बघा. उत्तरं बऱ्याचदा दूरची निघतात.

इथे थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ.